एक कोण सत्तर

आमच्या खालच्या मजल्यावरचे पाध्ये दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांच्या डेमो क्लासला जाऊन बसतात. डेमो क्लास म्हणजे काय, ते आधी सांगते. मिठाईवाला जसा बर्फीचा तुकडा चाखायला देतो, तसा कोचिंगवाले गणिताचा एक तुकडा फुकट चाखायला देतात. मूल चाखतं, आईबाप भुलतात, आणि मग वर्षभर जे पदरात पडतं त्याला बर्फीची चव नसते. पाध्यांचं वय चौऱ्याहत्तर. घरात शाळेत जाणारं कुणी नाही, घरात दुसरं कुणीच नाही. तरी लखनऊच्या आमच्या गोमती नगरात असा एक क्लास दाखवा, की ज्याच्या बाकावर हे गृहस्थ गुडघे दुमडून बसलेले नाहीत.

नोकरी सरकारी कंपनीच्या ऑडिटमध्ये झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जाऊन चुका काढल्या. माणूस रिटायर झाला, तपासणी झाली नाही. सोसायटीत कुणाच्या मुलाला गणितात कमी पडले की त्याच्या आईच्या आधी पाध्यांना वास लागतो. मग क्लिपबोर्डाला कागद लावून हे हजर. कागदावर रकाने असतात: फळा, आवाज, वेळ, शंका, आणि शेवटी अभिप्राय. अभिप्राय एकच, 'असमाधानकारक'. मी एकदा म्हटलं, भाऊजी, शिक्काच करून घ्या, शाई वाचेल. त्यांनी ते गांभीर्यानं ऐकून घेतलं.

बोलायला लागले की पहिलं वाक्य 'मुद्दा क्रमांक एक.' इतक्या वर्षांत मी मुद्दा क्रमांक दोन ऐकलेला नाही. एकातच समोरच्याला काहीतरी काम आठवतं.

आणि लखनऊत पाध्ये हे आडनाव कुणाच्या जिभेवर रुळत नाही. दूधवाला, चौकीदार, क्लासच्या रिसेप्शनवरची मुलगी, सगळ्यांचे ते पांडेजी. 'पाध्ये. पांडे नहीं,' हे वाक्य ते बत्तीस वर्षं म्हणताहेत आणि लोक बत्तीस वर्षं 'जी पांडेजी' म्हणून मान डोलावताहेत.

आता आमच्या घरचं सांगते. माझी नात ओवी नववीत. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. लहानपणापासून घरं काढायचा नाद. वहीच्या मागच्या पानांवर जिने, कमानी, सज्जे. हिला आर्किटेक्ट व्हायचंय. आणि सहामाहीत गणितात ऐंशीपैकी चोवीस. शाळेतल्या बाईंनी बोलावून गोड शब्दांत सांगितलं की दहावीत गणिताचे दोन प्रकार असतात, एक सोपा आणि एक अवघड. सोपा घेतला की त्यांच्या शाळेत अकरावीला गणित मिळत नाही, म्हणजे हिचे जिने वहीतच राहणार. वार्षिक परीक्षेत निम्मे गुण आणले तर अवघडचा फॉर्म भरू, नाहीतर सोपा आहेच, असं म्हणून बाई हसल्या. हसणं तेवढं मला आवडलं नाही.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. माझा मुलगा नीलेश म्हणे, घरी येऊन शिकवणारे सर लावू, एकटीकडे पूर्ण लक्ष देतील. सूनबाई प्राची म्हणे, ग्रुपमध्येच घालायचं, चार मुलांत चढाओढ असते, त्यात मूल घडतं. दोघंही इंजिनिअर. नववीचं गणित तुम्हीच का नाही शिकवत, असं विचारलं की दोघांनाही मीटिंग आठवते. मला कुणी विचारलं नाही. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं जे आलं ते मुलांच्या जुन्या पुस्तकांतून. तेव्हा माझं मत फक्त भाजीत मीठ किती यावर चालतं.

पाध्यांना वास लागलाच. जिना चढून आले, दारातूनच म्हणाले, "वहिनी, मुद्दा क्रमांक एक. घाई करू नका."

पहिला विजय नीलेशचा झाला. चिनहटहून स्कूटरवर एक सर यायला लागले. तरुण, नम्र, मला माताजी म्हणायचे, आणि माझ्या पोह्यांवर त्यांचं निरतिशय प्रेम बसलं. पाध्ये रोज त्याच वेळी आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचायला यायचे. वर्तमानपत्र त्यांच्या घरीही येतं. आठवड्यानं त्यांनी कागद माझ्या हातात दिला: पोहे अकरा मिनिटं, फोन सतरा, गणित नऊ.

एवढ्यावर थांबतील तर ते पाध्ये कसले. दुसऱ्या दिवशी सर उशिरा आले आणि म्हणाले की माफ करा अंकल, आजकल बहुत व्यस्त हूँ. पाध्यांनी चष्मा नीट केला आणि शांतपणे सांगितलं की हो, तेच मी मांडून ठेवलंय, पोहे जितके वाढतात तितकं गणित घटतं, हे व्यस्त प्रमाणच आहे. आता आपल्याकडे व्यस्त म्हणजे उलटं आणि इकडे व्यस्त म्हणजे कामात बुडालेला. सरांना वाटलं, आपलं दुःख ओळखणारा कुणीतरी भेटला. "जी अंकल, बहुत ही व्यस्त," म्हणाले आणि दुसरी बशी घेतली. मी स्वयंपाकघरात पळाले. महिनाभरात सर इतके व्यस्त झाले, की यायचेच थांबले.

मग प्राचीचा पक्ष सत्तेवर आला. मोठ्या रस्त्यावर काचेची इमारत, आत गारठा, भिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्या मुलांना तिथं काही शिकवलं की ती आधीच पहिली येत होती, ते फोटोत कळत नाही. एका खोलीत साठ मुलं आणि सरांच्या कॉलरला माइक. डेमोला ओवीबरोबर पाध्ये गेले आणि नवव्या रांगेत तिच्या शेजारी बसले. सरांनी फळा भरला, पुसला, पुन्हा भरला आणि विचारलं, "समझ में आया?" साठ गळ्यांतून "जी सर" आलं. आणि नवव्या रांगेतून एक पांढरं डोकं उभं राहिलं.

"नहीं आया."

सर म्हणाले, "पांडेजी, आपको आना ज़रूरी नहीं है."

खोली हसली. पाध्ये आडनाव दुरुस्त करेपर्यंत चौकीदारानं त्यांना अदबीनं बाहेर नेलं. ओवी घरी आली ती कानापर्यंत लाल. तिथं पुन्हा पाय ठेवणार नाही, म्हणाली. पण मला हळूच एक गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतल्या दोन मुली वळून आजोबांकडे बघत होत्या, त्यांनाही काही कळलं नव्हतं.

असा सगळा शहाण्यांचा कारभार होईस्तोवर थंडी संपत आली आणि परीक्षा दीड महिन्यावर. ओवीनं घरं काढायचं सोडलं होतं. मागची पानं कोरी. मला ते चोवीस गुणांपेक्षा जास्त लागलं. मी खाली गेले आणि पाध्यांना सरळ म्हटलं, सगळ्यांचे दोष तुम्हाला दिसतात, मग तुम्हीच का नाही शिकवत?

ते उठून पंख्याचा वेग कमी-जास्त करत राहिले. फेब्रुवारीत पंखा कशाला लागतो कोण जाणे. म्हणाले, मी शिकवत नाही, मी निवडतो. म्हटलं, निवडून झालं की, आता उरलं कोण? शेवटी पंखा बंद करून एक अट घातली. "एकटीला नाही शिकवणार. ग्रुप पाहिजे. निदान दोन."

दुसरं कुणाचं मूल वर्षाच्या शेवटी मिळतंय? तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी मी नववीत बसले.

रोज पाच वाजता पाध्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा ग्रुप भरायचा. मी 'ढ', हे पहिल्याच दिवशी ठरलं. मी विचारलं, क्ष म्हणजे नेमका कोण? म्हणाले, तेच तर शोधायचंय. माझ्या प्रश्नांना ओवी हसायची आणि मला समजावता समजावता तिलाच समजायचं. पाध्ये उत्तम शिकवत होते, हे मला कबूल करावं लागतं. पण त्यांचं लक्ष सारखं माझ्या खुर्चीकडे. मी कुकर बंद करायला वर गेले तर खाली येईपर्यंत शिकवणं बंद. मला वाटलं, हा एक नवा चक्रमपणा.

मग त्रिकोणाचा दिवस आला. पाध्ये डोळे मिटून तोंडी गणित घालत होते. त्रिकोण, एकोणसत्तर, दुसरा बेचाळीस, तिसरा काढ. मी बोटं मोजत होते, ओवीनं झटक्यात उत्तर दिलं, अड़सठ, म्हणजे अडुसष्ट. चूक, म्हणाले. पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. पुन्हा अड़सठ. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा चढला. एका अंशाची चूक म्हणजे चूकच, बेरीज येत नाही तर घरं कसली बांधणार, असं काहीबाही. पेन टेबलावर आपटलं. ओवीनं मान खाली घातली आणि वहीवर टप्पकन पाणी पडलं.

मी वही ओढून घेतली. बेरीज बरोबर होती, वजाबाकी बरोबर होती. पहिला आकडा मात्र सत्तर लिहिलेला. विचारलं, अगं, हे सत्तर कुठून आणलंस?

"आजोबा ने ही तो बोला," ती मुसमुसत म्हणाली. "एक कोण सत्तर."

एकोणसत्तर. एक कोण सत्तर. इकडे शाळेत कोनाला कोण म्हणतात, पोरीनं ऐकलं तेच लिहिलं. मला हसू येत होतं, पण पाध्यांकडे पाहिलं आणि गिळलं. ते त्या सत्तरच्या आकड्याकडे असे बघत होते, जसं काही तो त्यांच्याच घरात वर्षानुवर्षं पडून होता आणि आज सापडला. उठून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले नाहीत, नुसता पेला धरून उभे. मी मागोमाग गेले.

त्यांची मुलगी गौरी तेलीबागेत राहते. बँकेत आहे. त्याच शहरात राहून वडिलांकडे गणपतीला आणि दिवाळीला तेवढी येते, तासभर बसते. पाध्यांच्या पत्नी गेल्या, त्यानंतरही यात बदल नाही. मी मनातल्या मनात त्या मुलीला बरीच नावं ठेवली होती.

"वहिनी, गौरीला मीच शिकवलं," पाध्ये म्हणाले. "एकटीला. ह्याच टेबलावर, दार लावून, चार वर्षं. पैकीच्या पैकी पडले तिला."

त्यांनी पेला ओट्यावर ठेवला.

"त्या चार वर्षांत गणिताशिवाय दुसरं काही बोललो नाही तिच्याशी. आणि तिनं काय ऐकलं, ते एकदाही विचारलं नाही."

मग बाहेर येऊन ओवीसमोर बसले आणि म्हणाले की गलती मेरी थी बेटा, तेरा जोड़ सही है. ऑडिटमध्ये जन्म गेलेल्या माणसाला हे वाक्य किती जड जातं, ते मी जवळून पाहिलं. त्या दिवसापासून ते प्रत्येक आकडा दोनदा सांगायचे, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि मग थांबून विचारायचे, क्या सुना? ओवी सांगायची. कधी मुद्दाम उलटसुलट सांगायची. ते रागावण्याआधी माझ्याकडे बघायचे आणि मग हसायचे.

वार्षिकचा निकाल लागला. ओवीला ऐंशीपैकी सत्तेचाळीस. नीलेशला वाटलं, आपण सुरुवातीला सर लावले त्याचा पाया होता. प्राचीला वाटलं, डेमोमुळे चढाओढ कळली. वाटू दे. बाईंनी अवघड गणिताचा फॉर्म पुढे केला, ओवीनं सही केली आणि घरी येऊन तशीच दप्तर घेऊन खाली धावली. मागून मी माझ्या गुडघ्यांच्या वेगानं.

पाध्यांनी गुणपत्रिका पुढून वाचली, मागून वाचली. मला वाटलं, आता क्लिपबोर्ड निघतोय. त्यांनी फोन घेतला. गौरीला लावला. ना गणपती, ना दिवाळी, भर एप्रिलमधली दुपार. तिकडून ती घाबरूनच बोलली असावी, कारण हे घाईघाईनं म्हणाले की नाही नाही, तब्येत बरी आहे, वरची ओवी आहे ना, तिला गणितात सत्तेचाळीस पडले, मी शिकवलं. एवढं सांगून त्यांच्याजवळचं बोलणं संपलं. फोन कानाशी धरून ते भिंतीकडे बघत राहिले.

त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. गौरीचा प्रश्न आम्हाला दोघींना स्वच्छ ऐकू आला.

"बाबा, तिला रागावलात?"

पाध्यांनी ओवीकडे पाहिलं. ओवीनं क्षणभर विचार केला आणि बोटांनी चिमूटभर, एवढंसं, असं दाखवलं.

"एकदा," पाध्ये म्हणाले. "चूक माझी होती. तिला सांगितलं मी तसं."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. पाध्ये हळूच खुर्चीवर टेकले, फोन तसाच कानाशी. मी ओवीला खुणेनं उठवलं, आणि आम्ही दोघी दार ओढून घेऊन वर आलो.