दूध मोफत, फेस सशुल्क

शिवाजी पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर सयाजी रोज संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. या व्यवहारात तक्रारीला जागा नव्हती. पण २००८ साली शेजारी नेट कॅफे निघाला आणि सयाजी तिथल्या ऑनलाइन लढाईत सेनापती झाला.

खेळ संपूर्ण मोफत होता. तलवारही मोफत, मूठ मात्र विकत. मूठ घेतल्यावर कळलं की धार आठवड्याला बोथट होते आणि ती लावायला शंभराचं कार्ड खरवडावं लागतं. सयाजी खरवडत राहिला. तेवढ्यात पलीकडच्या पेठेतला बाळासो सोन्याची तलवार विकत घेऊन आला आणि याचा किल्ला लुटून गेला. महिनाअखेर कंपनीनं कळवलं की नवा हंगाम सुरू होत असल्यानं जुन्या तलवारी शोभेच्या समजाव्यात. सयाजीनं तक्रार केली. तक्रारींना उत्तरं फक्त सुवर्ण सभासदांनाच मिळतात, असं उत्तर आलं.

"हौशीला इकतो," सयाजी गरजला, "पर बाळासोला सोडत न्हाय!"

हौशी म्हणजे ती म्हैस. अकरा वर्षं मी तिचं दूध पितोय.

त्याची बायको झुंबरबाई शेण भरत होती. ती शांतपणे म्हणाली, "म्हस कशाला इकताय? कंपनीनं एवढं शिकवलंय न्हवं, ते हितं वापरा की."

सोमवारपासून दूध मोफत झालं. पेल्याला भाडं लागलं, फेसाला वेगळा आकार. रांगेत उभं राहणं विनामूल्य, पुढं सरकणं सशुल्क. शिवाय बंद चिठ्ठी उचलायची. नशिबात असेल तर हौशीचं दूध, नाहीतर शेजारच्या गाईचं. मी पन्हाळ्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केली, पण इतकं बिनचूक दरपत्रक आमच्या साहेबांनाही कधी जमलं नाही.

मी भडकलो. "सयाजी, ही लूट हाय! उद्यापास्नं हितं कुत्रं बी येणार न्हाय."

"नका येऊ की, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी कोण कोण येत नाही ते बघायला अख्खी पेठ आली. रांगेत माझ्यापुढं हंबीरराव, छातीवर 'सुवर्ण सभासद' असा पितळी बिल्ला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊसाहेब, तुमी अजून साधंच व्हय?"

आता मीही सुवर्ण सभासद आहे. हौशी वाचली. सयाजीनं सोन्याची तलवार घेतली, ती पुढच्या महिन्यात शोभेची झाली, म्हणून पेल्याचं भाडं वाढलं. आम्ही शिव्या देतो आणि भरतो.

ही हकीकत सांगायला काल तुम्हाला मोबाइल लावला होता. तुम्ही उचलेपर्यंत गाणं वाजत होतं. छान आहे. तुम्हाला स्वतःला ते कधीच ऐकू येत नाही, तरी त्याचे दरमहा तीस रुपये भरता म्हणे.