आवाजातलं फॅट

आमच्या समोरच्या घरातले बापू गाणं ऐकताना दोन्ही कानांत बोटं घालतात. गाणं आवडत नाही म्हणून नव्हे, ते कसं आहे हे तपासायला. बोटं घालून ते कोपरं टेबलाला टेकवतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळानं निकाल देतात, "पातळ हाय."

बापूंचा सगळा जन्म दूध संस्थेत गेला. दुधाचं फॅट तपासता तपासता जगातल्या सगळ्याच गोष्टी त्यांना दाट किंवा पातळ दिसू लागल्या. हॉटेलातला चहा पातळ. नगरसेवकाचं भाषण पातळ. पुण्याच्या मुलाचा रविवारचा फोन तर निव्वळ पाणी. आवाजालाही फॅट असतं, हा शोध मात्र अलीकडचा.

दर गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंती आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि बापू पोरांशी भांडायला उतरतात. गेल्या गणपतीत मात्र निघालेले बापू उंबऱ्यातून आत वळले. वयोमान, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली.

"पोरी, त्यो छातीत बसतोय त्यो दणका कशानं काढत्यात?"

मी म्हटलं, बऱ्याचदा बेस गिटारनं.

"मग आपण ती करायची. तू इंग्लिश मीडियमची. गिटार तुमच्यातलीच की."

शाळेच्या समूहगानात मी शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवायचे, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी कुणालाच फारसं काही सांगत नाही. आमच्या गल्लीत "जेवलीस काय" हेसुद्धा चार घरांना कळेल असं विचारतात. तिथं माझं बोलणं फक्त बापूंच्या बायकोला, काकींना, पोचतं. काकींना बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नाही. त्या ओठ वाचतात, त्यामुळे मी कितीही हळू बोलले तरी चालतं. कानाचं यंत्र त्यांनी लावून पाहिलं आणि "भांडी पडल्यागत वाजतंय" म्हणून डब्यात ठेवून दिलं. पूर्वी त्या भजनी मंडळात गायच्या. मग ठेका ऐकू येईना, त्या पुढं आणि मंडळ मागं, बाकीच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तेव्हापासून काकींचे गुडघे दुखतात आणि त्या भजनाला जात नाहीत.

आधी मी बापूंना वाद्यांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं बेस गिटार स्पीकरला जोडून वाजवून दाखवली. बापूंनी कानांत बोटं घालून कोपरं काउंटरवर टेकवली. दुकानदार माझ्याकडं बघू लागला, मी छताकडं.

"दाट हाय," बापू म्हणाले, "पण आवाज खोक्यातनं निघतोय. मला लाकडातनं पायजे. येतो पावणं."

आणि भंगार गोळा करायला सुरुवात झाली. गिटारच्या पोटासाठी संस्थेतला पोचे आलेला दुधाचा कॅन, गळ्यासाठी आंब्याची फळी, तारांच्या जागी गॅरेजमधून आणलेल्या स्कूटरच्या क्लच केबली. सूर लावायच्या खुंट्या म्हणजे चार नटबोल्ट, त्यामुळे सूर लावायचा तर पाना लागायचा. पहिल्यांदा तारा आवळल्या तेव्हा फळी धनुष्यासारखी वाकली. दुसऱ्यांदा केबल तुटली आणि बापूंची टोपी तुळशीत जाऊन पडली.

"न जमायला काय झालंय?" बापूंनी टोपी झटकून घातली.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीनं विचारलं, बापू, ह्याला म्हस बांधायची काय? तरी तेच. मुलानं फोनवर तयार गिटार मागवून देतो म्हटलं, त्यालाही तेच, आणि फोन ठेवल्यावर मला, "पातळ."

खरी हार कॅनच्या बाबतीत झाली. गळा बदलला, पाडलेल्या घराच्या चौकटीचं सागवान आणलं, तारा टिकल्या, पण आवाज पत्र्यातच अडकायचा. बापूंनी कानांत बोटं घालून तो पुन्हा पुन्हा ऐकला. शेवटी कॅन सोडवला, पुसला आणि निरोपाचा नारळ द्यावा तसा कोपऱ्यात नेऊन ठेवला. त्या दिवशी ते जेवलेही थोडंच. सकाळी बघते तर मोडक्या कपाटाचा सागवानी खण ओट्यावर उपडा घालून बापू करवत चालवत होते.

झाली, तेव्हा ती गिटारसारखी दिसत नव्हती. वल्हं आणि खोकं यांचं लग्न लावल्यासारखी दिसत होती. बापूंनी ती गळ्यात अडकवली नाही. आत नेऊन तिचं खालचं टोक दिवाणाच्या उघड्या फळीवर टेकवलं. त्याच फळीवर दुसऱ्या टोकाला काकी घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या.

बापूंनी जाड तार ओढून सोडली. मला एवढंच ऐकू आलं, पलीकडच्या खोलीत पोतं पडावं तसं.

काकींचा हात थांबला. "दारात ट्रॅक्टर आलाय काय?"

बापूंनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा तार सोडली. काकींनी शेंगा बाजूला सारल्या आणि तळवा फळीवर पालथा ठेवला.

"ही गणपतीत खिडकीच्या लाकडावर असाच हात ठिवून बसलती," बापू माझ्याकडं न बघता म्हणाले. "हसत हुती. मी भांडायला निघालतो." ते कानांत बोटं कशासाठी घालतात, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी भजनाचा ठेका धरला. माझ्या नकळत कधीतरी तो बसवला असावा. काकी वाकून थोडा वेळ फळीकडं बघत राहिल्या.

"पळताय कुठं? दमानं घ्या की."

उभ्या गल्लीत कुणाचं न ऐकणारे बापू दमानं घेऊ लागले. आणि काकींनी भजन उचललं. आवाज फार मोठा, सूर कुठल्या कुठं. पण प्रत्येक शब्द ठेक्यावर नेमका पडत होता. मीही ओठ हलवत होते. काकी माझ्या ओठांकडं बघून गात होत्या, त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवणं खोटं वाटलं, तेव्हा मला आवाज काढावाच लागला.

बापूंचे दोन्ही हात तारांवर होते, कानांत बोटं घालायला एकही मोकळा नव्हता. उघड्या कानांनी ते सगळं भजन ऐकत होते. संपल्यावर मी निकालाची वाट पाहिली. दाट की पातळ? ते पाना घेऊन उगाच एक बोल्ट आवळत बसले.