पुंडलिकअण्णा आणि बाराची पडझड

पुंडलिकअण्णांना कुठलीही तक्रार सांगा, ते एकच म्हणणार, “पुन्हा करून दाखवा.”

शेजारचा बाबू फणसावरून पडला, सुजलेला पाय घेऊन कण्हत बसला होता. अण्णांनी गंभीरपणे विचारलं, “कुठल्या फांदीवरनं? पुन्हा चढा बघू.” बाबूनं काय उत्तर दिलं ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

अण्णा बेळगावात कुठल्याशा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळून रिटायर झाले आणि आमच्या जोयड्यात बापाच्या घरी येऊन राहिले. एकटेच. लग्न का केलं नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “एकदा जमत आलेलं. पुन्हा झालं न्हाई.”

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. कॉम्प्युटर अण्णांनीच बसवून दिला आणि त्यात रोजचे स्नॅपशॉट लावले. स्नॅपशॉट म्हणजे आतल्या सगळ्या फायलींचा त्या घडीचा फोटो. चुकून काही पुसलं गेलं तर त्यावरून जसंच्या तसं उभं करता येतं. आणि ते लागतंच हो. आसपासच्या दिग्गी, नंदिगड्डा गावांतल्या निम्म्या लोकांचे कागद माझ्याकडं स्कॅन करून ठेवलेले. घरातले मूळ कागद केव्हाच वाळवीनं नाहीतर ओलीनं खाल्लेत.

दिवाळीनंतर हे कॉम्प्युटरचं मशीन बंद पडायला लागलं. पडायची वेळ ठरलेली, दुपारी बारा. दिग्गीची माणसं बसमधून उतरून दुकानात शिरतात आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रास, की सगळं गार! परतीची गाडी काही थांबत नाही. कागद हातात नाही, दिवसाची मजुरी बुडाली, वर उद्या पुन्हा या. माझ्या नावानं बोटं मोडत माणसं परत जायची. असं महिनाभर चाललं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

रामनगरचा एक मेकॅनिक म्हणाला, सगळं पुसा, नवं टाका. मी वैतागून हो म्हणणार होते, तर अण्णा आडवे आले.

“कर्नल पॅनिक हाय हे, अक्का.”

“म्हणजे कोण मेलं?”

“कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातला कर्ता माणूस. तो घाबरून बसला की घर बसलं. तो कशाला घाबरला ते नको बघायला? पुसल्यावर कुणाला इचारणार? अन् लोकांचे कागद?”

मग काय, रोज सकाळी अण्णा हजर. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नेम. एक दिवस प्रिंटर काढला; पडलं. मग स्कॅनर काढला, पडलं. मग मला दुकानाबाहेर काढलं, तरी पडलं. “तुमचा दोष न्हाई,” असं त्यांनी जाहीर केलं. उपकार झाले!

शेवटी त्यांनी गिऱ्हाइकांनाच जुंपलं. बाराची वाट बघायची नाही, हव्या त्या घडीला पाडून दाखवायचं. एकाला स्कॅनरपाशी उभं केलं, एकाला प्रिंटरपाशी, आणि दिग्गीच्या सोमाआजीला बाराची ठरलेली कामं सुरू करायचं बटण दाखवून म्हणाले, “मी हूं म्हटलं की दाबा.”

“मी दाबून काय झालं तर?”

“व्हायलाच पाहिजे.”

आजीनं दाबलं. पांढरी अक्षरं भराभरा पळाली. “पडलं! पडलं!” अण्णा ओरडले आणि अख्ख्या दुकानानं टाळ्या वाजवल्या. कॉम्प्युटर मेला म्हणून टाळ्या पडणारं तालुक्यात हे एकच दुकान असावं.

कारण निघालं ते असं. बाराला नवा स्नॅपशॉट काढायचं काम लावलेलं, आणि दिवाळीपासून बारालाच जुना पुसायचंही. गर्दीत फायली लिहिल्या जात असताना ही दोन्ही कामं एकदम सुरू झाली की कर्नल गडबडायचा.

“एकाच वेळेला दोन्ही लावली कुणी?” मी विचारलं.

अण्णा पंख्याकडं बघत म्हणाले, “मीच. पण दोन कामं एकदम आली म्हणून कर्त्यानं मरायचं काय? चूक त्याचीबी हाय.” मग कर्नल बनवणाऱ्यांना त्यांनी ती चूक कळवली आणि पुसायचं काम संध्याकाळवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेले. मशीन चालूच. सगळ्यांच्या हातात कागद, सगळे वेळेत गाडीवर. सोमाआजीच तेवढी हिरमुसली, “आज पडत न्हाई व्हय?”

त्यानंतर अण्णा आलेच नाहीत. आधी मला सुटल्यासारखं झालं. मग दुपार खायला उठायला लागली. आठवड्यानं राहवेना, म्हणून त्यांच्या घरी गेले. अण्णा ओट्यावर बसून पेज पीत होते. मला बघून ताडकन उठले.

“पडलं?”

“न्हाई. झकास चाललंय.”

ते परत बसले. “मग कशाला आलात?”

“तुम्ही येईनात म्हणून.”

“चाललंय म्हटल्यावर कशाला येऊ, अक्का? बिघडल्याबिगर मला कोण बोलवत न्हाई. बेळगावातबी असंच हुतं. मशीन चाललं की अण्णा घरी.” अगदी सहज बोलले. त्यात तक्रारसुद्धा नव्हती.

मला राग आला, त्यांचा की माझा कुणास ठाऊक.

“उद्या दुपारी जेवायला यायचं,” मी म्हटलं. “नीट ऐका. काय बी बिघडलेलं न्हाई. सगळं चांगलं चाललंय. तरी यायचं.”

आले. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. दुकानामागच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, मांडलेल्या ताटांकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “अक्का, मी कुठं बसू?”