तांब्याची की स्टीलची?

ज्या दिवशी आमच्या इमारतीत नळाला पाणी येतं, त्या दिवशी येमूलकाका मोठं पातेलंभर पाणी उकळतात आणि मग ते थंड करतात. बस, एवढंच. त्यात ना चहाची पूड पडते, ना तांदूळ. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बाकीचे आम्ही बादल्या, पिंपं, हाताला लागतील ती भांडी भरायच्या धांदलीत असतो. काका मात्र गॅलरीत शेगडीसमोर स्टूल टाकून, थर्मामीटर धरून, पूजेला बसल्यासारखे बसलेले असतात.

त्यांना बियर करायची आहे.

म्हणजे अजून केलेली नाही. प्यायचा तर प्रश्नच नाही. बँकेत कॅशियर होते तेव्हा निरोपाच्या पार्टीतसुद्धा लिंबू-सोड्यावर भागवणारा हा माणूस. पण त्यांचा जर्मन जावई योनास घरी बियर करतो, आणि त्याच्याकडून काकांनी फोनवर सगळं शिकून घेतलं आहे. मोड आणलेले सातू भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचा रस उकळायचा. उकळलेला रस लगेच थंड करावा लागतो, रेंगाळला तर नासतो. त्यासाठी नळीचं वेटोळं लागतं, कॉइल म्हणतात तिला. कॉइल रसात बुडवायची आणि तिच्यातून नळाचं गार पाणी सोडायचं. काकांचं घोडं इथं अडलं आहे. कॉइल तांब्याची घ्यावी की स्टीलची?

मग प्रयोग. काकांकडे हातभर लांबीच्या दोन नळ्या आहेत, एक तांब्याची, एक स्टीलची. पाण्याच्या दिवशी त्या आळीपाळीनं पातेल्यात बुडवायच्या आणि नळाचं पाणी त्यांच्यातून बादलीत सोडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला धारेखाली हात धरायला लावायचा. "कुठलं जास्त गरम लागतंय? नीट सांगा की!" मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं तापलेलं असतं की कोण कुणाला गार करतंय हेच कळत नाही. मी एकदा कुरकुरलो तेव्हा आमच्या हिनं मला गप्प केलं. "बादलीभर ऊन पाणी फुकट मिळतंय की! तुमाला काय करायचंय?"

"तांबं लई चपळ," काका सांगतात. "पण काळं पडतंय. दर खेपेला घासा. स्टीलला घासायची कटकट नाही, पण ते आळशी."

"मग घेऊन टाका ना एक."

"घाई काय हाय? प्रकरण विचाराधीन आहे."

हे बँकेतलं वाक्य. परवान्याचं काय, असं विचारलं की म्हणतात, "आधी कॉइल तर ठरू दे." आणि गंमत म्हणजे हा माणूस वांगं उलटून न बघता पिशवीत टाकणारा. हा फ्लॅटसुद्धा त्यांनी नुसता जिना बघून घेतला. घोळ फक्त कॉइलच्या बाबतीत.

त्यांची पद्मा एकुलती एक. शिकायला जर्मनीला गेली, तिथंच योनासशी लग्न केलं. दोन वर्षांपूर्वी आजारी पडली आणि गेली. काकू तिच्याही आधी गेल्या होत्या. पद्माला मूल नव्हतं. तेव्हा जिन्यात सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, की आता हा परका पोरगा किती दिवस विचारील? पण त्याचा फोन दर रविवारी दुपारी येत राहिला. तो फोन हाच काकांचा आठवडा. रविवारी ते सकाळीच दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतात.

असे हे आमचे शहाणे शेजारी, आणि त्यांचं भलं करायचं मी मनावर घेतलं. सात रस्ता चौकाजवळ माझ्या ओळखीचे फ्रीज दुरुस्त करणारे मुश्ताकभाई आहेत. त्यांना तांब्याची कॉइल करायला सांगितली.

"फ्रीज बिगडा क्या?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तो कॉइल कायकू होना?"

"पाणी गार करायला."

"मटका लेव ना!" असं म्हणाले, पण कॉइल झकास करून दिली. रविवारी दुपारी ती घेऊन मी काकांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "घ्या! प्रकरण मंजूर."

काकांनी ती हातात घेतली, सगळ्या बाजूंनी फिरवली. मग खुर्चीत बसले. "लई चांगली केलीय," ते म्हणाले, आणि ती मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "पण आता मी त्याला काय विचारू?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. जावयाशी बोलायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. पद्माचं नाव निघालं की दोघंही तिथंच फोन ठेवायचे. म्हणून नळाला पाणी आलं की ते उकळायचं आणि रविवारी तांबं की स्टील ते विचारायचं. मला फार वाईट वाटलं. कॉइल उचलून पळावं असं वाटत होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"बसा," काका म्हणाले. "तुमी आणलीय, आता बसा."

दोघं इंग्रजीत बोलतात; मी मराठीत सांगतो. पडद्यावर योनासचा दाढीवाला चेहरा आला. "नान्ना," तो म्हणाला. काकांच्या घरची भाषा तेलुगू. पद्मा वडिलांना हीच हाक मारायची. काकांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी कॉइल कॅमेऱ्यासमोर धरली. "ठरलं. तांब्याची."

"छान आहे," योनास म्हणाला.

योनासनं हवा विचारली. काकांनी ऊन आहे म्हणून सांगितलं. काकांनी तिकडची हवा विचारली. तीही सांगून झाली. "बरं, जपून राहा," काका म्हणाले आणि फोन बंद करायला त्यांनी बोट पुढं केलं.

"थांबा, नान्ना! एक मिनिट." योनास उठून आत गेला. काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातात एक कॉइल होती. आजवर हा पठ्ठ्या स्टीलचे गोडवे गाणारा. ही मात्र तांब्याची.

"मीही ही घेतली होती," तो म्हणाला. "पण फार काळी पडली आहे. पद्मा म्हणायची, तुमच्याकडे तांबं चिंचेनं घासतात. मला जमत नाही. शिकवाल?"

पद्माचं नाव त्यानं घेतलं होतं. त्याच्या हातातली कॉइल लख्ख चमकत होती. दुकानाची चिठ्ठी अजून तिला लोंबत होती.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, फोन जवळ घेऊन कॉइल नीट निरखून पाहिली.

"अरे बापरे," ते म्हणाले. "लईच काळी पडलीय की. आधी चिंच भिजत घाल. आणि हे बघ, हे एका रविवारचं काम नाही."