काही न झाल्याचे पेढे

आमच्या पलूसच्या गल्लीत पोरगं पास झालं की पेढे येतात, भरतीत निवडलं गेलं की येतात. पण पोराला नुसती सर्दीच आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून पेढे वाटणारी बाई मी एकच पाहिली. शकूआत्या.

आत्या नात्याने कुणाचीच नव्हे. घरात एकटी, दारात दोन म्हशी आणि कान मात्र गल्लीभर. कुणाचं पोर खोकलं की ही हजर. कपाळाला हात लावायचा आणि निकाल द्यायचा, "सांगली!" पलूसला डॉक्टर नाहीत असं नाही, पण आत्याची श्रद्धा सांगलीतल्या मुलांच्या दवाखान्यावर, त्यातही तिथल्या तातडीच्या विभागावर. पोराची आई मीठ-मोहरी ओवाळत असते तोवर आत्याने रस्त्यावर जाऊन प्रवाशांनी भरलेली वडापची जीप अडवलेली असायची. "फुडची शीट मोकळी करा रं, पेशंट हाय!" आणि पेशंट मागून बिस्कीट खात पळत यायचा.

तिथल्या डॉक्टरीणबाई सोशिक. पण एकदा त्यांनीही हात जोडले.

"आजी, नाक वाहतंय म्हणून इथं आणायचं नसतं. इथं खरोखर आजारी मुलं येतात."

"मंजी ह्यो आजारी न्हाई?"

"नाही."

"काय सुदीक न्हाई?"

"काही नाही हो!"

"जिकलं!" आत्या ओरडली, समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा डॉक्टरीणबाईंच्याच हातावर ठेवला. बाकीचे गल्लीत वाटले. स्वतः मात्र ती पेढ्याला शिवत नसे. "मला चालत न्हाई" एवढंच म्हणायची. आम्ही समजत होतो, साखरेचा आजार असेल. आता चहात तिला साखर कधीच पुरत नसे, ही गोष्ट वेगळी.

गेल्या थंडीत आमचा चिनू तापला. जेमतेम तीन वर्षांचं पोर. औषध चालू होतं, तरी तो मलूल होत गेला. परगावी गेलेली आत्या दुपारी परतली आणि तडक आमच्याकडे आली. आज तिने कपाळाला हात लावलाच नाही. चिनूचा सदरा वर केला आणि बघत राहिली. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. पाजलेलं पाणी ओठांतून ओघळलं. आत्या "सांगली" म्हणाली नाही. तिने चिनूला उचललं आणि चालू लागली. मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो.

वडापवाल्याने तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता जीप रिकामी केली. दवाखान्याचा वॉचमन सवयीने हसत म्हणाला, "आला का आजी?" मग चिनूकडे बघून त्याने धावत जाऊन दार उघडलं.

न्यूमोनिया होता. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. माझी बायको सुनंदा आणि मी बाकावर बसून होतो. पलीकडे आत्या, चिनूचा एक बूट मांडीवर धरून.

पण चिनू उठला. आधी त्याने नाकातली नळी ओढली, मग नर्सला लाथ मारली, मग भात मागितला. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

"आजी, अगदी वेळेवर आणलंत. आज पेढे माझ्याकडून."

आत्याने पेढा घेतला आणि सबंध तोंडात टाकला.

"आत्या, तुम्हाला चालत नाही ना?" सुनंदा म्हणाली.

"आमचा बाळू असाच धापत हुता गं. पाटणच्या वरल्या अंगाला ऱ्हात हुतो तवा. सासरा म्हणला, जरा ताप उतरू द्या, उद्या न्हेऊ." आत्याने डोळे पुसले. "त्यो उद्या आलाच न्हाई. तवापास्नं पेढा सोडला. म्हणलं, एक तरी खरंच आजारी लेकरू येळंत पोचवीन, तवाच खाईन."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की तुम्ही एवढ्या नाचत का होता?"

"आवं मास्तर," आत्या माझ्यावरच खेकसली, "म्या पेढा खावा म्हणून काय लोकांची पोरं आजारी पडावीत व्हय?"

आणि तिने दुसरा पेढा उचलला.