हवालदारांचं हँडल

लग्नाला माणूस आहेर घेऊन येतो, आमचे हवालदार लोखंडी हँडल घेऊन आले.

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न. मांडवात पाचशे माणूस, आणि हे गृहस्थ कडक इस्त्रीच्या सफारीत, काखेत हातभर लांबीचं, ग्रीसनं माखलेलं, वाकडं लोखंड! अक्षता टाकतानासुद्धा खाली ठेवलं नाही. वरपक्षाकडची दोघंतिघं तर हळूच दाराकडे सरकली. मी धावत गेलो. म्हटलं, "अहो, हे काय आणलंत?"

"टिलरचं हँडल हाय, मास्तर. हे माझ्यापाशी हाय तवर मशीन मुकं. माघारी कुणी चालू केलं म्हंजी?"

मी त्यांना हँडलासकट मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

हे हवालदार, म्हणजे दौलत कांबळे, पलटणीत गाड्यांचे मेकॅनिक होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पॉवर टिलर घेतला. नव्वदच्या दशकातली ती वर्षं, पलूसच्या बाजूला द्राक्षबागा वाढत होत्या, आणि वेलींच्या ओळींत बैल शिरेना की ट्रॅक्टर. तिथं हे मशीन चाले. पुढं इंजिन, मागं माती उलथणारी फिरती पाती, आणि त्या पात्यांच्या मागं दोन मुठी धरून चालणारा माणूस. चालू करायला हँडल मारायचं.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. शिवाय माझी एकरभर द्राक्षबाग. हवालदार पहिल्यांदा बागेत आले तेव्हा बांधावर उभं करून मला म्हणाले, "सावधान! चप्पल काढा. पायाची बोटं गिना."

"काय?"

"गिना, गिना. मोठ्यानं."

अहो, वीस वर्षं पोरांना बीजगणित शिकवलेला माणूस मी! गड्यांच्या देखत वाकून एक, दोन, तीन म्हणायला लागलो. दहा झाल्यावर ते म्हणाले, "ठीक हाय. सांच्याला एवढीच भरली पायजेत." मग माझ्यासाठी आणलेले जुने बूट पुढं केले.

नंतर ओळीतनं फिरून दगड, तारांचे तुकडे, सुतळ्या वेचायच्या. मातीचं ढेकूळ मुठीत दाबून बघायचं. फुटलं तर वाफसा, म्हणजे माती कामाला तयार; चिकटलं तर "आज सुट्टी". पहिल्या फेरीला पातं वरच्यावर, दुसरीला खोल. "मशीनला ढकलू नगा, ते चालतंय, तुमी नुसतं संगट चाला." आणि पाती फिरत असताना मशीन मागं घ्यायचं नाही, आईची आण! काम मात्र असं व्हायचं की ओळीतली माती रव्यासारखी पडायची. म्हणून तर मी सगळं सोसत होतो.

पण शिराळ्याच्या व्याह्यांचा प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. लग्नानंतर ते बाग बघायला आले. पांढरंशुभ्र धोतर, उपरणं. कौतुकानं टिलरजवळ गेले, तोच हवालदार गरजले, "पावणं, धोतार सोडा!"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. हवालदार मात्र शांतपणे म्हणाले, "सोगा पात्यात गेला तर धोतरासंगट पावणं बी जातील." आणि पिशवीतनं खाकी हाफपँट काढली. माझे व्याही, गावचे माजी सरपंच, माझ्या बागेत हाफपँटीत उभं राहून पायाची बोटं मोजत होते! मुलगी चार महिने माझ्याशी धड बोलली नाही.

हवालदारांच्या बायकोला, सुमनवहिनींनासुद्धा सूट नव्हती. ओळीच्या तोंडाला पांढऱ्या फक्कीची रेघ मारलेली, वहिनी चहाची किटली घेऊन तिथंच थांबायच्या. नऊवारी लुगडं आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बायका हसायच्या, "मेमसाब आली गं." वहिनीही हसायच्या.

त्या साली छाटणी तोंडावर आली आणि हवालदार निघाले कराडला, मुलीला इंजिनिअरिंग कॉलेजात सोडायला. मशीन माझ्या शेडात, हँडल त्यांच्या काखेत. निम्म्या ओळी राहिलेल्या. माझं डोकंच फिरलं. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. पलूसच्या लेथवाल्याकडनं तसंच दुसरं हँडल आधीच करून आणलं होतं.

दुपारी मशीन चालू केलं. पायात स्लिपर. दोन ओळी झोकात झाल्या. तिसरीत खाडकन धक्का बसला, पात्यांना तार गुंडाळली. मी क्लचचा दांडा ओढून ठेवला, पाती थांबली. इंजिन धडधडत होतं, पण ते बंद करून परत हँडल कोण मारणार? एक पाय पात्यावर टेकवला आणि वाकून तार ओढायला लागलो.

एकदम इंजिन बंद झालं. आणि माझ्या कानाखाली जाळ निघाला.

आधी इंजिन, मग मुस्काट. हवालदारांचा क्रम तेव्हाही चुकला नाही.

गावात माझ्यावर कुणी हात उचललेला नव्हता. मी ओरडलो, "हवालदार, तुमची ही मजाल!" पण ते ऐकतच नव्हते. कराडहून परतून थेट बागेत आलेले, हातातली प्रवासाची पिशवी तशीच मातीत पडलेली. मटकन खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला, आणि बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन... दुसरा पाय घेतला. दहा भरल्यावर त्या माणसानं माझ्या धुळकट पायावर डोकं टेकलं आणि तो हमसून हमसून रडला. मी हबकलोच.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते परड्यात पाठ करून बसलेले. वहिनींनी चहा दिला, माझ्या गालाकडं बघितलं.

"राग धरू नगा, मास्तर. मशीन आणलं त्या साली मीच व्हते संगट. पात्यात सुतळी अडकली. ह्ये म्हणलं, इंजिन कशाला बंद करतीस, काढ बिगीनं. क्लच निसटला आन पाती फिरली." त्यांनी पायाकडं बोट केलं. घरातसुद्धा त्या बुटांतच होत्या. "सकाळी बूट ह्येच घालत्यात मला. आन घालताना मोजत्यात."

मी विचारलं, "अजून?"

"व्हय. मी म्हणते, आवं, रोज मोजून आठाची धा हुत्यात व्हय? तरी मोजत्यात."

मी पिशवीतलं माझं हँडल काढून हवालदारांच्या शेजारी ठेवलं. त्यांनी वर बघितलं नाही, नुसतं ते उचललं आणि आपल्या हँडलाबरोबर काखेत धरलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर कुणी न सांगता मी चपला काढल्या आणि मोठ्यानं मोजायला लागलो. रेघेपलीकडं वहिनी किटली घेऊन उभ्या होत्या. मी आठावर पोचलो तेव्हा हवालदारांनी मान फिरवली. मी चटकन नऊ, दहा म्हणून टाकलं.

"ठीक हाय," हवालदार म्हणाले, आणि हँडल मारायला वाकले.