मान हलली की ठराव पास

ठराव क्र. ९ : तलावातला गाळ काढणे. अनुमोदक : कारभारी.
ठराव क्र. १० : शाळेला कमान. अनुमोदक : कारभारी.
ठराव क्र. ११ : कारभारीच्या दारातला ओटा पाडणे. अनुमोदक : कारभारी.

ग्रामसभेत बसलं की कारभारीला डुलकी लागायची, मान खाली जायची आणि ग्रामसेवक वैजनाथ ती मान होकारात धरायचे. ओटा गेला तेव्हा पुष्पावतीनं नवऱ्याला ओढत नगरच्या डॉक्टरकडं नेलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून रात्रभर झोपूनही झोप होत नाही, असं निघालं. नाकावरच्या मास्कमधून हवा सोडणारं मशीन घरी आलं आणि आठ दिवसांत कारभारी भर दुपारी टक्क जागा राहू लागला.

आज ठराव होता गावाच्या कचऱ्याच्या खड्ड्याचा. जागा : कारभारीच्या विहिरीशेजारी. आणि नेमकी काल लाईट गेली, मशीन बंद पडलं. सकाळपासून डोळे पुन्हा मिटत होते.

"बसू नगा," पुष्पावती म्हणाली. "बसलात का गेली हीर."

कारभारी उभा राहिला. पण सभेत उभा राहिलेला माणूस बोलायलाच उठलाय, असं सगळे धरतात.

"बोला कारभारी," वैजनाथ म्हणाले.

"मी आपला असाच उभा हाय."

"असं न्हाई चालत. दिवाबत्तीचा विषय हाय, बोला."

तो दिवाबत्तीवर बोलला. गटारीवर बोलला. मग चटकच लागली. कमान कुठं अडली, गाळ कुणाच्या रानात गेला, झोपेत हुकलेलं सगळं त्यानं विचारून घेतलं. दीड तास गेला. खड्ड्याचा विषय आला.

"हिरीजवळ नको," कारभारी म्हणाला. "गायरानात घ्या, सरपंचांच्या मळ्याखालच्या अंगाला. कोन देतंय अनुमोदन?"

कुणी हललं नाही. फक्त सरपंच गोरक्षनाथांची मान सावकाश छातीवर आली.

वैजनाथांनी सवयीनं लिहिलं. अनुमोदक : सरपंच.

टाळ्यांनी सरपंच दचकले. "काय पास झालं?"

"खड्डा. तुमच्या मळ्याखाली."

कारभारी त्यांच्या कानाशी वाकला. "रात्री घोरता का, सरपंच?"

"घरची म्हनती तसं."

कारभारीनं खिशातलं डॉक्टरांचं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. मग सुटल्यासारखा तो सतरंजीवर टेकला, आणि त्याची मान खाली गेली.

"भाऊसाहेब," पुष्पावती मागून वैजनाथांना म्हणाली, "पेन खाली ठेवा."